हवेत उधारी मिळत नाही

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचा एक व्हिडिओ आला. खाली ओळ होती, ‘हिला गुरुत्वाकर्षणाचे नियम लागू नाहीत.’ त्यावर एका काकांनी लगेच ‘ही तर आपली लघिमा सिद्धी’ असं लिहून हात जोडले. काकांशी ग्रुपवर वाद घालायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

गुरुत्वाकर्षण बाइल्सला तुमच्याआमच्याइतकंच लागू आहे. उडी मारून एक सेकंद हवेत राहायचं तर शरीराचा गुरुत्वमध्य साधारण सव्वा मीटर वर जावा लागतो. अर्धा सेकंद चढ, अर्धा सेकंद उतार. यातून सिद्धपुरुषही सुटत नाही. खरी गंमत त्या एका सेकंदात काय चालतं यात आहे.

पाय जमिनीवरून सुटले की शरीराला पीळ द्यायला बाहेरचं काहीच उरत नाही. हवेचा विरोध नगण्य, आणि गुरुत्वाकर्षण गुरुत्वमध्यावर ओढतं, त्यामुळे ते फिरवू शकत नाही. म्हणून उडताना जेवढा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, घेतला तेवढाच शेवटपर्यंत राहतो. ही बांधून नेलेली शिदोरी. ती कशी वाटून खायची एवढंच हातात. गुडघे छातीशी घेतले की कोलांटी वेगात होते, अंग ताठ केलं की मंदावते. शाळेत फिरत्या खुर्चीवर हात जवळ घेऊन केलेला प्रयोग तो हाच.

पण कोलांटी चालू असताना मधूनच गिरकी कुठून येते? संवेग तर सगळा कोलांटीचा आहे, डोक्यावरून पायांकडे जाणारा. आणि जिम्नॅस्ट हवेत गेल्यावर, काहीही न पकडता, स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती भोवऱ्यासारखी फिरू लागते. फुकटची गिरकी!

घरातलं मुसळ आठवा. तळहातांत धरून ते उभ्या अक्षाभोवती फिरवायला काहीच लागत नाही, पण टोकावरून टोकाकडे गरगर फिरवायचं तर दंडाला कळतं. ताठ शरीराचंही तसंच. उभ्या अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवताना होणारा विरोध, कोलांटीच्या अक्षाभोवतीच्या तुलनेत ढोबळमानाने बारावा हिस्सा भरतं. आता समजा एक हात वर, एक खाली आहे. हवेत जिम्नॅस्टने दोन्ही हात चाकाच्या आऱ्यांसारखे एकाच दिशेने बाजूने फिरवले, तर धड उलट दिशेला थोडं कलतं. एकूण संवेग होता तिथेच, पण शरीर आता त्याच्याशी काटकोनात नाही. त्यामुळे संवेगाचा एक लहानसा भाग उभ्या अक्षाच्या वाट्याला येतो. दहा अंशांचा कल असेल तर हा भाग जेमतेम सहावा. पण मुसळ फिरवायला लागतं किती? त्या चिमूटभर संवेगात एका कोलांटीमागे जवळपास दोन गिरक्या होतात. थांबायचं झालं की हात उलटे फिरवायचे. कल गेला, गिरकीही गेली.

इथवर आलात तर आणखी एक करून बघा. जाडसर पुस्तकाला रबरबँड लावा. मुखपृष्ठ वर, कणा डावीकडे. खालच्या कडेला धरून त्याला हवेत एक पूर्ण कोलांटी द्या आणि झेला. बहुतेक वेळा कणा उजवीकडे आलेला असेल आणि मुखपृष्ठ खाली. तुम्ही गिरकी दिलीच नव्हती! लांबी, रुंदी आणि जाडी या तीन अक्षांपैकी मधल्या जडत्वाचा अक्ष अस्थिर असतो. त्याभोवती फिरताना सुईएवढा कलही वाढत जातो. माणसाच्या ताठ कोलांटीचा अक्ष नेमका हाच, मधला. म्हणजे सरळ कोलांटी सरळ ठेवणं हेसुद्धा काम आहे. जिम्नॅस्ट ते हातांच्या बारीक हालचालींनी सतत करत असते आणि आपल्याला ते दिसतही नाही.

शिदोरी कमी पडली तर काय होतं? सोव्हिएत जिम्नॅस्ट येलेना मुखिना १९७८ ची विश्वविजेती. पाय मोडला होता, तो नीट भरण्याआधीच तिला सरावाला उभं केलं गेलं. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, मिन्स्कमध्ये ती थॉमस साल्टोचा सराव करत होती. पावणेदोन कोलांट्या, दीड गिरकी आणि पायांवर न उतरता पुढे गडगडत जायचं. कमजोर पायाने रेटा कमी दिला, कोलांटी अपुरी राहिली, ती हनुवटीवर आदळली. मान मोडली आणि ती २००६ मध्ये मृत्यू होईपर्यंत अंथरुणाला खिळून राहिली. आपली मान मोडेल असं प्रशिक्षकांना आधी बजावलं होतं, असं तिने नंतर सांगितलं. हवेत हुशारी चालते, उधारी नाही. ही उडी पुढे महिलांसाठी बंद झाली.

साधनाचंही तेच. सिडनी, २००० चं ऑलिंपिक. महिलांच्या सर्वंकष अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा १२५ ऐवजी १२० सेंटीमीटरवर लावलेला होता. स्वेतलाना खोरकिनासारखी कसलेली खेळाडू त्यावर पडली. पाच सेंटीमीटर म्हणजे बोटाएवढा फरक, पण धावत येऊन हात टेकण्याचा क्षण आणि खांद्यांचा कोन चुकायला तेवढा पुरतो. ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरने उंची चुकल्याचं दाखवून दिलं, तेव्हा कुठे ती नीट झाली.

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठं सुरक्षासाधन गुणपद्धती आहे. २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दहापैकी दहा ही कमाल गेली आणि काठिण्याचे गुण वेगळे, वरची मर्यादा नसलेले, आले. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी युरचेंको, म्हणजे पाठमोरं हात टेकून घेतलेल्या, व्हॉल्टमध्ये दोन गिरक्यांना ५.४ आणि अडीच गिरक्यांना ५.८ काठिण्य होतं. अर्ध्या गिरकीचे ०.४ गुण. रिओ २०१६ मध्ये आपल्या त्रिपुराच्या दीपा कर्माकरचं कांस्यपदक ०.१५० ने हुकलं, म्हणजे ०.४ ची किंमत कळेल. तिच्या प्रोदुनोव्हाला, म्हणजे पुढच्या दोन कोलांट्यांच्या व्हॉल्टला, तेव्हा ७.० मिळत. ते आकडे पाहून कोण मोह आवरेल? नंतरच्या नियमावलीत ही किंमत उतरवली, ते बरं झालं. उलट अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धांत जुनंच दहाचं माप आहे. तिथे युरचेंकोत दीड गिरकी मारली तरी मूल्य दहा आणि अडीच मारली तरी दहाच. साहजिकच मुली दीड मारतात आणि पाय न हलवता उतरतात. याला कुणी ‘सोपं’ म्हणून हिणवतं, मी नाही.

आता व्हिडिओतल्या बाइल्सकडे येतो. टोकियोत २७ जुलै २०२१ ला ती अडीच गिरक्या मारायला निघाली आणि दीडच झाल्या. जिम्नॅस्ट याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. हवेत आपण कुठे आहोत याचा पत्ताच हरवतो. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि स्नायू यांच्या संदेशांवर मेंदू हात कधी उलटे फिरवायचे ते ठरवतो. तो क्षण चुकला तर कल उरतो आणि जमीन येते. ती स्पर्धेतून बाजूला झाली तेव्हा ‘नाटकं’ म्हणणारे पुष्कळ होते. मुखिनाला हे बाजूला होणं मिळालं नव्हतं. काही वर्षं आधी असती तर बाइल्सलाही ते सहज मिळालं नसतं. अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या अत्याचारांबद्दल मुली वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि ऐकलं कुणी नाही. त्याला शिक्षा झाल्यावर, २०१८ मध्ये, खेळाडूंच्या संरक्षणाचा कायदा आला. बाइल्स स्वतः त्या पीडितांपैकी एक.

३ ऑगस्टला ती बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर, परतली आणि कांस्य घेऊन गेली. उतरताना तिने दोन कोलांट्या ठेवल्या. गिरकी तेवढी काढून टाकली.