साग्रान्तिनोला कोकराचं मटण का लागतं?

इटलीच्या मध्यभागी असलेल्या उंब्रिया प्रांताला समुद्र नाही. डोंगर, ऑलिव्हच्या बागा, मेंढ्या, रानडुकरं असा तिथला मुलूख. तिथे टेकडीवर वसलेल्या मोन्तेफाल्को गावाभोवती साग्रान्तिनो नावाचं काळं द्राक्ष पिकतं. टॅनिन हे तुरटपणा आणणारं द्रव्य सर्वाधिक असलेल्या जगातल्या द्राक्षांत त्याची गणना होते. त्याची वाइन नुसती प्यायली, तर दोन-तीन घोटांतच हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कोरडी पडून आवळून येते.

आपल्याकडे सहा रसांत तुरटाला जागा आहे. बहुतेक संशोधक मात्र तुरटपणाला चव मानत नाहीत, स्पर्श मानतात. हिरड्यांवर चव ओळखणाऱ्या कळ्या नसतात, तरी तुरटपणा तिथेही जाणवतो. लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिनं असतात आणि तोंडातला ओशटपणा बराचसा त्यांच्यामुळे टिकतो. टॅनिनचे रेणू या प्रथिनांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूवर खरखरीत घासू लागते. नवी लाळ सुटायच्या आत पुढचा घोट घेतला की ही खरखर वाढत जाते.

मग टॅनिनला गुंतवायला दुसरं काही दिलं तर? उंब्रियातलं जेवण नेमकं तेच करतं. निखाऱ्यावर भाजलेलं कोकरू, रानडुकराचा रस्सा, मेंढीच्या दुधाचं मुरलेलं पेकोरिनो चीज. मांस आणि चीजमधल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतं, त्यामुळे लाळेवरचा भार हलका होतो. कडक चहात दूध घातल्यावर तो मऊ लागतो, तो दुधातल्या केसिन या प्रथिनाच्या अशाच कामामुळे. चरबी तोंडाला पुन्हा ओशट करते. उलट बाजूने तुरट घोट चरबीचा मेणचटपणा उतरवतो. 2012 साली ‘करंट बायॉलॉजी’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात सलामी खाताना पाण्याऐवजी चहाचे घोट घेणाऱ्यांना तोंडातला तेलकटपणा कमी जाणवला होता.

उंब्रियातल्याच नोर्चा गावच्या काळ्या ट्रफलसोबतही, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीसोबतही, ही वाइन सुचवली जाते. मला ते पटत नाही. त्या नाजूक वासापुढे ती दांडगाई करते. मासळीचं तर नावच नको. लाल वाइनमधलं लोह मासळीसोबत उग्र वास निर्माण करतं, हे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये शिंपल्यांवर दाखवलं होतं. आपल्या झणझणीत रश्शाशीही तिचं जमणं कठीण. तिखट आणि उष्णता ओळखणारा तोंडातला ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू (रिसेप्टर), एकच आहे. एरवी 42 अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होणारा हा ग्राहक अल्कोहोलमुळे 34 अंशांनाच चेतवला जातो. साग्रान्तिनोत अल्कोहोल चांगलंच, बहुधा 14 टक्क्यांच्या वर असतं. मिरचीची आग त्याने आणखी भडकते.

गंमत म्हणजे मोन्तेफाल्कोत पूर्वी ही वाइन मुख्यतः गोडच केली जाई. द्राक्षं दोनेक महिने सुकवायची, साखर दाट झाली की मग आंबवायची. उरलेली साखर तुरटपणावर पांघरूण घालते. ईस्टरच्या कोकराबरोबर ही गोड ‘पासितो’ पिण्याची जुनी रीत आहे. कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली साग्रान्तिनो 1970च्या दशकापासून रुळली. 1992 मध्ये तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. नियमाप्रमाणे ती 37 महिने मुरवावी लागते, त्यातले किमान 12 लाकडी पिंपात. या काळात टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि वाइनची धार बोथट होते.

एवढी वाट पाहायची नसेल, तर मोन्तेफाल्को रोस्सो आहे. त्यात मोठा वाटा सांजोव्हेसे या द्राक्षाचा असतो, साग्रान्तिनो थोडंच. सांजोव्हेसेचे वेल आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरातही लावले गेले आहेत.