कॉन्सर्ट व्हायोलिनिस्ट

कॉन्सर्ट व्हायोलिनिस्ट म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात ऑर्केस्ट्राच्या पुढे उभं राहून एकट्याने वाजवणारा वादक, म्हणजेच सोलोइस्ट. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन घेऊन बसलेले ते वीस-तीस जण वेगळे, त्यांची पगारी नोकरी असते, आणि त्यांच्यातला पहिल्या खुर्चीवरचा कॉन्सर्टमास्टर तोही वेगळा. सोलोइस्ट त्या घरचा नसतोच, पाहुणा असतो. कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी येतो, एखाददुसरी रिहर्सल करतो, वाजवतो आणि बॅग उचलून पुढच्या शहरात.

फिरते वादक आधीही होते, पण एकट्याच्या नावावर हॉल भरवायचा, तिकिटं चढ्या दराने विकायची आणि लोकांनी 'याने सैतानाशी सौदा केलाय' म्हणून कुजबुजायचं, हे सगळं इटलीच्या निकोलो पॅगानिनीपासून (१७८२–१८४०) जोरात सुरू झालं. त्याचे २४ कॅप्रिस, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीच्या छोट्या पण महाकठीण रचना, अजून विद्यार्थ्यांना रडवतात. तरी आजच्या सोलोइस्टचा खरा पूर्वज माझ्या मते योझेफ योआखिम हा हंगेरीत जन्मलेला वादक. बीथोव्हनचा व्हायोलिन कॉन्सर्टो (एकटा वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना) १८०६ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला आणि नंतर जवळजवळ बाजूलाच पडला होता, तो योआखिमने १८४४ मध्ये लंडनला वाजवला, ऑर्केस्ट्राला हाताच्या इशाऱ्यांनी चालवणारा कंडक्टर होता संगीतकार मेंडेलसोन, आणि लोकांना कळलं की हे काय प्रकरण आहे. तेव्हा योआखिमचं वय १२ वर्षं! आपल्या करामतींपेक्षा रचना पुढे ठेवायची ही शिस्त बऱ्याच अंशी त्याची.

वयाचा मुद्दा आलाच आहे तर, सुरुवात बहुतेकांची चौथ्या ते सातव्या वर्षी होते. मुलांसाठी छोट्या मापाची व्हायोलिनं मिळतात, हात वाढेल तसं पाव, अर्धं, पाऊण करत पूर्ण मापावर यायचं. एवढी घाई कशाला, तर व्हायोलिनवर पडदे नसतात, बोट दोन मिलिमीटर सरकलं की सूर गेला, त्यामुळे कान आणि बोटं एकत्रच वाढवावी लागतात. बघणाऱ्याचं लक्ष डाव्या हाताच्या पळापळीवर असतं पण आवाज घडतो तो उजव्या हातात. गज जेमतेम ६० ग्रॅमचा, घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेला, त्याला राळ घासायची, आणि मग तो तारेवर किती दाबायचा, किती वेगाने ओढायचा, ब्रिजच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या) किती जवळ, यातच आयुष्य जातं. रोजचे चार-पाच तास स्केल (सुरांचे आरोह-अवरोह), एट्यूड (सरावाच्या रचना), आणि एकच ओळ पन्नास वेळा. शेजाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे.

पुढचा टप्पा स्पर्धांचा. १९३५ च्या वॉर्सातल्या विन्यावस्की स्पर्धेत १५ वर्षांची फ्रेंच मुलगी जिनेट नव्हू पहिली आली आणि २६ वर्षांचा डेव्हिड ऑइस्ट्राख दुसरा, दोन वर्षांनी ब्रसेल्समध्ये मात्र तो पहिला. नव्हू १९४९ मध्ये अमेरिकेतल्या कार्यक्रमांना निघालेली असताना विमान अपघातात गेली, वय ३०. ऑइस्ट्राख १९७४ मध्ये ॲमस्टरडॅमला वारला, तोही कार्यक्रमांसाठी तिथे आलेला असतानाच.

स्पर्धा जिंकली म्हणजे करिअर झालं असं नाही. एजंट लागतो, एखादा कंडक्टर पुन्हा बोलावणारा लागतो. पैसे कार्यक्रमागणिक, त्यातून एजंटचं कमिशन जातं, आणि आजारी पडलं तर मानधनही गेलं. वाजवायचे कॉन्सर्टोही बरेचसे ठरलेलेच: बीथोव्हन, मेंडेलसोन, ब्राम्स, चायकोव्हस्की, सिबेलियस, आणि तेही सहसा पाठ करून.

सगळ्यात विचित्र म्हणजे हातातलं वाद्यही बऱ्याचदा स्वतःचं नसतं. इटलीतल्या क्रेमोनाचा जुना नामांकित कारागीर स्ट्रॅडिव्हारी, त्याने बनवलेलं 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन २०११ मध्ये १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं, वादकाला कुठून परवडणार? मग फाउंडेशन, बँका किंवा श्रीमंत संग्राहक ठराविक काळासाठी वापरायला देतात, मुदत संपली की परत. आणि स्वतःचं असलं तरी जिवाला घोर. पोलिश सोलोइस्ट ब्रॉनिस्लाव हुबरमन १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या स्टेजवर दुसऱ्या व्हायोलिनवर वाजवत होता, तेवढ्यात ड्रेसिंग रूममधून त्याचं १७१३ चं स्ट्रॅड, म्हणजे स्ट्रॅडिव्हारीचं व्हायोलिन, चोरीला गेलं. ते सापडलं १९८५ मध्ये, हुबरमन जाऊन तोवर ३८ वर्षं झाली होती.

तार तुटली तर? रिवाज असा की सोलोइस्टने कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घ्यायचं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टँगलवूडच्या संगीत महोत्सवात १४ वर्षांची जपानी मुलगी मिदोरी अमेरिकन संगीतकार बर्नस्टाइनची रचना वाजवत होती, कंडक्टर खुद्द बर्नस्टाइन, तेव्हा तिची वरची तार तुटली, तिने कॉन्सर्टमास्टरचं वाद्य घेतलं, त्याचीही तीच तार तुटली, मग तिसरं घेतलं आणि शेवटपर्यंत वाजवलं, तेही आपल्यापेक्षा मोठ्या मापाच्या व्हायोलिनांवर.

शरीर मात्र असं उसनं मिळत नाही. मान वाकडी, डावा खांदा वर, हे वर्षानुवर्षं. मॅक्सिम वेंगेरोव्हला खांद्याच्या दुखण्यामुळे ऐन भरात काही वर्षं वाजवणं थांबवावं लागलं. येहुदी मेन्यूहिन तर लहानपणीच जगप्रसिद्ध झालेला, पण मोठेपणी हातच साथ देईना, कारण आपण कसं वाजवतो याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. मग तंत्र नव्याने शिकला, योगासनं केली आणि बी.के.एस. अय्यंगारांना 'माझे सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक' असं कोरलेलं घड्याळ दिलं.

स्टेज सुटल्यावर बहुतेक जण शिकवतात. यास्का हायफेट्झने १९१७ मध्ये १६ व्या वर्षी कार्नेगी हॉल हादरवला होता, १९७२ मध्ये त्याचा शेवटचा रिसायटल (ऑर्केस्ट्राशिवायचा कार्यक्रम) झाला, आणि लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या वर्गात चांगले तयार विद्यार्थी यायचे तरी त्यांना आधी स्केलच वाजवून दाखवावे लागायचे.