पगार कमी, मजुरी महाग

वडोदऱ्यात दांडिया बाजारातून रोज सकाळी मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत जातो, तीन-चार लहान कारखान्यांचे हिशेब लिहायला. ‘मजुरी फार जाते, पगार खाली आणा,’ हे दर महिन्याला ऐकतो. पगार आणि मजुरीचा खर्च एकच, असं धरून हे बोललं जातं, आणि तिथेच हिशेब चुकतो. पगार म्हणजे माणसाच्या हातात पडलेली रक्कम. मजुरीचा खर्च म्हणजे विकण्याजोग्या एका नगामागे पडलेली मजुरी.

समजा, लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, पितळेचे बुश (नळीसारखे छोटे भाग) काढायचेत. एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, ५०० रुपये रोजानं ४० नग काढतो, त्यातले ८ मापात बसत नाहीत. दुसरा ८०० घेतो, ७० काढतो, एखादाच बाद होतो. पहिल्याच्या चांगल्या नगाला साडेपंधरा रुपयांवर मजुरी पडली, दुसऱ्याच्या साडेअकराच्या आसपास. बाद नगांचं पितळ भंगारात गेलं ते वेगळंच.

एका कारखान्यातले जुने टर्नर, सगळे त्यांना काका म्हणत, महिन्याला २,००० रुपयांची वाढ नाकारली म्हणून सोडून गेले. त्यांच्या लेथचा स्क्रू झिजलेला होता. शेवटचा कट घेण्याआधी काका हँडल थोडं मागे फिरवून पुन्हा पुढे आणत, मग माप बरोबर यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. नव्या मुलाला कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात टोपलीभर नग वाया गेले, आणि बोलणी त्यानं खाल्ली. वहीत पगाराच्या खात्यात बचत स्वच्छ दिसली. तोटा मात्र भंगार, ओव्हरटाइम आणि उशिरा गेलेल्या मालाच्या कपातीत विखुरला. शेठना तो दिसलाच नाही.

फोर्डच्या अमेरिकेतल्या कारखान्यात १९१३ साली कामगारांची वर्षाची गळती ३७० टक्के होती, म्हणजे एका जागेला वर्षात जवळपास चार माणसं. जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांना ५ डॉलर रोज जाहीर झाला, आधीच्या दुपटीहून जास्त. गळती आणि गैरहजेरी दोन्ही झपाट्यानं उतरल्या. त्या पैशांसाठी कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या वागण्याची चौकशी होई, ते मला अजिबात पटत नाही. चांगला पगार दिला म्हणून माणूस विकत घेतला जात नाही.

आणि कामगारांना चांगली वागणूक म्हटलं की लोकांना दिवाळीचा मिठाईचा डबा आठवतो. मला सात तारीख आठवते. पगार त्या दिवसाच्या आत हातात पडला की घरभाडं, मुलांची फी चुकत नाही, उचल मागायला केबिनच्या दाराशी उभं राहावं लागत नाही. याला मालकाचा एक रुपयाही जास्त लागत नाही.

हल्ली मी पगारपत्रकाच्या शेजारी एक खाना आखतो : चांगल्या नगामागे मजुरी. परवा शेठनी तोच आकडा आधी विचारला, आणि मग काकांचा फोन नंबर.