काचबिंदू, यंत्रमाग आणि थेंबांची बाटली

यंत्रमागावर तुटलेला धागा हेरून पटकन गाठ मारणाऱ्या कामगाराला आपली नजर अधू होतेय, असं कसं वाटावं? त्या कामाला मधली नजर लागते आणि काचबिंदू तिला बहुधा शेवटी हात लावतो. आधी जाते कडेची. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो; दुखत नाही, लालही होत नाही. सोलापूरच्या गल्लीत बाजूने आलेली रिक्षा दिसली नाही, तर दोष रिक्षावाल्यावर जातो.

डोळ्यात सतत पातळ द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जातो. काचबिंदूच्या ‘ओपन अँगल’ प्रकारात जाळीपर्यंतची वाट उघडी असते, पण जाळीच नीट पाझरत नाही. दाब वाढतो, मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. डोळ्याचा दाब नेहमीच्या १० ते २१ मिमी (पाऱ्याच्या) मर्यादेत असूनही काहींची नस सुकते, म्हणून दाबासोबत नसही तपासावी लागते. घरात आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही.

गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, तीही दाब उतरवून. पण दाब उतरवणाऱ्या थेंबांचं आपल्याकडे अवघड आहे. त्यांतलं टिमोलॉल हे औषध नाकावाटे रक्तात उतरतं आणि दमेकऱ्याला धाप लावू शकतं. कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्यांनी छातीचा त्रास डॉक्टरांना आधी सांगायलाच हवा. लॅटॅनोप्रोस्ट या दुसऱ्या थेंबांची बंद बाटली बहुधा फ्रिजमध्ये ठेवायची आणि उघडल्यावर २५ अंशांखाली. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याच्या घरात हे जमवायचं कसं?

म्हणूनच ब्रिटनमधला २०१९ चा अभ्यास मला मोलाचा वाटतो. त्यात ज्यांना आधी जाळीवर सौम्य लेझर दिलं, त्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना आटोक्यात होता. असर ओसरतो, पण लेझर पुन्हा देता येतं. ‘माझ्या डोळ्याला लेझर चालेल का?’ हे पहिल्याच भेटीत विचारा.

दाबाऐवजी थेट नस वाचवण्यावरही काम चालू आहे. २०१७ मध्ये निकोटिनामाइड या ‘ब’ जीवनसत्त्वाने उंदरांच्या नसा टिकल्या. माणसांवर चाचण्या सुरू आहेत. तोवर दुकानातून गोळ्या आणून स्वतःच सुरू करू नका, मोठी मात्रा यकृताला बाधू शकते.