घरच्या टाकीत क्लाउनफिशची पिल्ले वाढवताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

क्लाउनफिशची जोडी घ्यायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, “अंडी कधी घालतील?” त्यावर आम्ही विचारतो, “रोटिफर, म्हणजे पिल्लांचे पहिले खाणे असलेले सूक्ष्म जीव, तयार आहेत का?” सुदृढ जोडीला चांगले पाणी आणि पोटभर खाणे मिळाले की अंडी आज ना उद्या येतातच. खरी परीक्षा असते ती पिल्ले बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांची. ते दहा दिवस बहुतांशी तुम्ही आधी केलेल्या तयारीवर तरतात, म्हणून या पत्रकात त्या तयारीवर जास्त लिहिले आहे.

जोडी

क्लाउनफिशमध्ये जन्मापासून मादी कोणीच नसते. गटातला सर्वांत वरचढ मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर म्हणून काम करतो आणि बाकीचे लहानच राहतात. मादी मेली तर नराची मादी होते, मात्र मादीचा पुन्हा नर होत नाही. म्हणून आम्ही एक जरा मोठे आणि एक लहान अशी दोन कोवळी पिल्ले एकत्र देतो. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एका टाकीत सोडल्या तर त्यातली एक बहुधा मरते. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवू लागला, की त्याने तिचे वर्चस्व मान्य केले असे समजा. तिथून पहिल्या अंड्यांपर्यंत वर्ष-दीड वर्षही लागू शकते. या काळात टाकीत सारखे बदल करू नका.

तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचे माप) १.०२५ च्या आसपास, दिवे रोज ठरावीक वेळी बारा ते चौदा तास आणि खाणे दिवसातून दोन-तीनदा. खाण्यात मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव), बारीक चिरलेली कोळंबी आणि चांगले पेलेट, म्हणजे दाणेदार खाद्य, आलटून पालटून द्या. हे मासे समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, लागत नाही. त्याच्यापायी पाण्याची काळजी दुप्पट होते, त्यामुळे प्रजननासाठी आम्ही ते सुचवत नाही. त्याऐवजी एक साधी टाइल किंवा मातीची कुंडी आडवी ठेवा. ती उचलून दुसरीकडे नेता येते, आणि याचा उपयोग पुढे होणार आहे.

अंडी

अंडी घालण्याच्या आधी दोघे ती जागा तोंडाने घासून स्वच्छ करतात आणि मादीच्या पोटाखाली अंडनलिका दिसू लागते. एका वेळी काहीशे अंडी येतात, आणि एकदा लय बसली की साधारण दर दोन आठवड्यांनी येत राहतात. पहिल्या एक-दोन खेपांची अंडी जोडीने खाऊन टाकली तर घाबरू नका. नवख्या जोड्यांकडून हे होतेच. खरे तर पहिली खेप वाढवायच्या मागे लागूच नका, असे आमचे मत आहे. त्या वेळात अंड्यांचा रोजचा रंग वहीत लिहून ठेवा. आधी ती नारिंगी असतात, मग तपकिरी-राखाडी होतात आणि शेवटी प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळ्यांची जोडी चमकू लागते. टॉर्च लावून जवळून पाहिले तर आत शेपटी हलतानाही दिसते. तुमच्या टाकीच्या तापमानाला अंडी नेमकी कितव्या रात्री फुटतात हे या वहीतून कळेल. सहसा हा काळ सात ते दहा दिवसांचा असतो.

रोटिफर आधी, अंडी नंतर

नुकतेच बाहेर आलेले पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे असते. त्याच्या तोंडात मावेल आणि त्याला हलताना दिसेल असे खाणे म्हणजे रोटिफर. कोरड्या पावडरीवर ही पिल्ले जगत नाहीत. पोटातला बलक जेमतेम दिवसभर पुरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रोटिफर मागवण्याला काही अर्थ नाही.

अंडी फुटण्याच्या निदान दोन आठवडे आधी दोन वेगवेगळ्या बादल्यांत रोटिफर सुरू करा. दोन यासाठी, की एक बादली कधीतरी अचानक बसते, म्हणजे तिच्यातले रोटिफर मरून जातात, आणि ती नेमकी गरजेच्या दिवशीच बसते असा अनेकांचा अनुभव आहे. हवा उघड्या नळीतून, मोठ्या बुडबुड्यांची आणि संथ सोडा. बारीक बुडबुड्यांच्या एअर स्टोनने रोटिफरना त्रास होतो. खाण्यासाठी नॅनोक्लोरॉप्सिस शेवाळाचा लगदा घाला. पाणी फिकट हिरवे राहिले पाहिजे. ते निवळले की पुन्हा द्या. रोज पाव हिस्सा पाणी बारीक जाळीतून गाळून काढा आणि तेवढेच नवे खारे पाणी घाला. जाळीवर उरलेले रोटिफर पिल्लांसाठी. काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन उजेडासमोर धरा. पांढरे ठिपके दाट आणि चपळ दिसले तर बादली ठीक आहे. फेस आणि कुबट वास येऊ लागला तर दुसऱ्या बादलीवर भिस्त ठेवा.

फुटण्याची रात्र

वीस ते चाळीस लिटरची छोटी टाकी मोठ्या टाकीच्याच पाण्याने भरा आणि बाजूंना काळा कागद लावा. गडद पार्श्वभूमीवर पिल्लांना खाणे नीट दिसते आणि ती काचेवर आपटत नाहीत. संध्याकाळी टाइल हलवा. जमेल तितकी ती पाण्याखालीच राहू द्या आणि अंड्यांवरून हवेचा हलका प्रवाह जाईल अशी ठेवा, कारण एरवी नर पंखांनी हेच काम करत असतो. मग पूर्ण अंधार करा. अंडी सहसा दिवे गेल्यावर एक-दोन तासांत फुटतात. टाइल हलवणे शक्य नसेल तर मोठ्या टाकीत एका कोपऱ्यात टॉर्च धरा, पिल्ले उजेडाकडे येतात. ती पाण्यासकट भांड्याने उचला, जाळी अजिबात वापरू नका.

पहिले दहा दिवस

पाण्यात दर मिलिलिटरला पाच ते दहा रोटिफर असले पाहिजेत, कारण पिल्लू खाण्याच्या शोधात लांब पोहत नाही. जवळून पाहा: पिल्लू अंग वळवून क्षणभर थबकते आणि झटक्यात पुढे झेपावते. असे दिसले म्हणजे ते खाते आहे. दिवा मंद ठेवा आणि पाण्याला शेवाळाची हलकी हिरवी छटा राहू द्या, म्हणजे त्यातले रोटिफरही उपाशी राहत नाहीत.

सगळ्यात जास्त पिल्ले जातात ती अमोनियाने. या दिवसांत पिल्लांच्या टाकीत फिल्टर चालवता येत नाही आणि खाणे मात्र भरपूर पडते. अमोनिया रोज तपासा, तळातली घाण हवेच्या बारीक नळीने ओढून घ्या आणि त्याच तापमानाचे, त्याच खारेपणाचे पाणी थेंबाथेंबाने घाला. भडाभडा ओतू नका.

पाचव्या ते सातव्या दिवसापासून अंड्यांतून नुकतेच फुटलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) थोडे थोडे द्या, पण रोटिफर लगेच बंद करू नका. आर्टेमियाची टरफले वेगळी काढा आणि शिळे आर्टेमिया टाळा, त्यांच्यातले पोषण काही तासांतच उतरते. पोट नारिंगी दिसले की पिल्लांनी खाल्ले असे समजा. एकदम जास्त आर्टेमिया दिले तर पिल्ले अधाशासारखी खाऊन मरतात.

आठव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान पिल्ले पृष्ठभाग सोडून खाली येतात आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. इथे पुन्हा थोडी पिल्ले जातात, पण जी यातून निघतात ती काटक असतात. आता स्पंज फिल्टर लावा. मात्र तो स्पंज निदान महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीत मुरवलेला, म्हणजे पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यात वाढलेला हवा. आर्टेमियासोबत हळूहळू बारीक पेलेटची सवय लावा. पुढे मोठी पिल्ले लहानांना त्रास देऊ लागली की आकारानुसार वेगळी करा. काहींचे पट्टे अर्धवट राहतात. टाकीत वाढलेल्या पिल्लांत हे दिसतेच, आणि असा मासा तेवढाच निरोगी असू शकतो.

पिल्ले कोणाला देणार हे आधीच ठरवा. समुद्रात कधीही सोडू नका, टाकीतले आजार त्यांच्याबरोबर तिथे जातात. अडचण आली तर आमच्याशी बोलताना तापमान, विशिष्ट गुरुत्व, अमोनियाचा आकडा, पिल्लांचा कितवा दिवस आणि रोटिफरच्या पाण्याचा रंग एवढे हाताशी ठेवा. पिल्ले मरू लागली असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा.