चिपाडाचा कोळसा आणि रंगाचं पाणी

सुती कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. रिॲक्टिव्ह रंगाचा धाग्यातल्या सेल्युलोजशी पक्का रासायनिक बंध जुळतो, म्हणून तो धुण्यात टिकतो. पण काही रंगाची गाठ आधी पाण्याशीच पडते. तो मग कापडाला धरत नाही. पुढच्या धुलायांमध्ये मीठ आणि सोड्यासोबत गटारात जातो. इचलकरंजीत काळ्या ओढ्यातून पंचगंगेत जाणाऱ्या पाण्याची जी ओरड होते, त्यात या रंगांचाही वाटा आहे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंच्या टाकीतही हा रंग पुरता जात नाही, कारण हे रेणू ऊन, घाम आणि साबण सोसायलाच घडवलेले असतात.

इथे कोळसा कामी येतो. लाकडी कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो हे टोबियास लोविट्झ यांना १७८५ साली दिसलं. पुढे साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरात आला. आज उसाच्या चिपाडापासूनच तसा कोळसा करता येतो. चिपाड फॉस्फरिक आम्लात भिजवायचं, हवा लागू न देता ४५०-५०० अंश सेल्सिअसला तापवायचं आणि आम्ल धुऊन काढायचं. उरतो हलका काळा चुरा. चांगला जमला, तर त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. रंग या भिंतींना चिकटतो.

छिद्र मात्र रेणूच्या मापाचं हवं. करवंटीच्या कोळशातली बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद असतात. पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन काढायला ती उत्तम. रंगाचा थोराड रेणू तिथे दारातच अडतो.

प्रयोगशाळेत कोळशाची चाचणी बहुधा मेथिलिन ब्लू या निळ्या रंगावर होते, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. त्याचा रेणू धनभारित, तर रिॲक्टिव्ह रंगांचे ऋणभारित. रंगणीचं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात कोळशाचा पृष्ठभागही ऋणभारित होतो आणि रंगाला दूर लोटतो. आम्ल घालून सामू उतरवला की पकड सुधारते. म्हणून कोळशाची परीक्षा प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, खऱ्या सांडपाण्यावरच व्हावी.

विरघळलेलं मीठ तर कोळसा काढतच नाही. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रंगणीचे कारखाने बंद करायला लावले. तिथे मिठासाठी रिव्हर्स ऑस्मोसिस (दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळणं) आणि बाष्पीभवनाचा खर्चिक मार्ग धरावा लागला. रंगाने भरलेला कोळसाही उकिरड्यावर टाकून चालत नाही. तो तापवून पुन्हा वापरायचा, नाहीतर घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावायची. आणि चिपाड फुकट नाही: साखर कारखान्याच्या बॉयलरला आणि वीजनिर्मितीलाही तेच लागतं.