हागिओ मोतो: सोळा पानांपासून तेहतीस हप्त्यांपर्यंत

मुलींसाठीच्या मांगाचा (जपानी चित्रकथांचा), म्हणजे शोजो मांगाचा, इतिहास बहुधा लेखिकांच्या नावांनी सांगितला जातो. हागिओ मोतो या शोजो मांगा लेखिकेच्या बाबतीत मात्र पानांचा हिशेब पाहिल्याशिवाय काही उलगडत नाही. किती पाने मिळाली, ती कोणी दिली आणि वाचकांच्या कौलाने ती कधी हिरावली जाणार होती, यावरच त्यांच्या कथांचा घाट ठरत गेला.

हागिओ यांचा जन्म 1949 साली फुकुओका प्रांतातल्या ओमुता या कोळसाखाणींच्या गावी झाला. मुलीने चित्रकथा काढत बसणे आईवडिलांना मुळीच पसंत नव्हते. 1969 मध्ये कोदान्शा प्रकाशनाच्या 'नाकायोशी' मासिकाच्या विशेष अंकात त्यांची पहिली कथा आली. पण त्यानंतर साभार परतीचा सिलसिला सुरू झाला, कारण संपादकांना हव्या होत्या हसऱ्या, उजळ गोष्टी आणि हागिओ मृत्यू, एकटेपणा, घरातली दुरावलेली माणसे यांवर लिहीत होत्या. ती कोंडी फुटली मैत्रिणीमुळे. ताकेमिया केइको या समवयस्क लेखिकेने शोगाकुकान प्रकाशनाचे संपादक यामामोतो जुन्या यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली आणि यामामोतोंनी ती परत आलेली हस्तलिखितेच विकत घेतली. 1970 ते 1973 या काळात हागिओ आणि ताकेमिया तोक्योच्या ओइझुमी भागात एकाच घरात राहत होत्या. तिथे इतर तरुण चित्रकर्त्यांचीही ये-जा असे. या पिढीतल्या बऱ्याच जणी 1949 च्या, म्हणजे जपानी कालगणनेतल्या शोवा 24 च्या आसपास जन्मलेल्या, म्हणून तिला 'चोवीस सालचा गट' म्हणतात.

नवख्या व्यक्तीला लांब मालिका द्यायची नाही, हा मासिकांचा रिवाज होता. हागिओंना तर शतकानुशतके चौदा वर्षांचाच राहणाऱ्या एडगर या रक्तपिपासू मुलाची दीर्घकथा सांगायची होती. त्यांनी 1972 मध्ये सुट्या वाटतील अशा तीन लघुकथा दिल्या. पहिली सोळा पानांची, पुढच्या दोन चोवीस-चोवीस पानांच्या. तिन्हींत पोए घराण्याचे धागे होते. संपादकांच्या ते लक्षात आले आणि मग 'पोए नो इचिझोकु' (पोए घराणे) ही मालिका उभी राहिली. कथा कालक्रमाने जात नाही. दशकांच्या उड्या मारत, कधी डायरीतून तर कधी त्रयस्थाच्या आठवणीतून एडगर दिसतो. या रचनेची मुळे मला त्या पानटंचाईत दिसतात. चोवीस पानांत आयुष्य मावत नाही, पण दोन आयुष्यांमधली पोकळी मावते.

हे पानावर कसे साधायचे? आधी 'नेमु', म्हणजे पेन्सिलीचा कच्चा आराखडा: चौकटी, संवाद, नजरेचा प्रवास. संपादकाची खरी कात्री याच टप्प्यावर चालते. मंजूर झाल्यावर बी-4 आकाराच्या जाड कागदावर टाकाने शाई. मासिक छापले जाते बी-5 वर, म्हणजे चित्र लहान होते, आणि खिशात मावणाऱ्या पुस्तकात ते आणखी आक्रसते. फार बारीक रेघ तिथे तुटते, दाट रेषांचे जाळे काळे होऊन बसते. शोजो मांगात मनातले बोल संवादाच्या फुग्याबाहेर, चौकटींवर तरंगत येतात. तेव्हा फोटो-जुळणीची अक्षरे मूळ पानावर चिकटवली जात, त्यामुळे त्यांची जागा आधीच मोकळी सोडावी लागे. ती विसरली, तर अक्षरे रेषांच्या जाळ्यात हरवत. हागिओंच्या पानांवर केस, पाने, वारा यांच्या रेषा शब्दांना वाट करून देतात, ते सारे नेमुतच ठरलेले असते.

खरी कसोटी 1974 ची. 'तोमा नो शिन्झो' (तोमाचे हृदय) ही जर्मन वसतिशाळेतल्या मुलांची कथा साप्ताहिक 'शोजो कॉमिक'मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच हप्त्याला वाचक-मतकार्डांत शेवटचा क्रमांक मिळाला. शेवटच्या क्रमांकाची मालिका बंद करायची, हा साप्ताहिकांचा कठोर नियम. हागिओंनी आणखी थोडी मुदत मागून घेतली. त्याच सुमारास 'पोए'चा पहिला खंड पुस्तकरूपात आला आणि तीस हजारांची पहिली आवृत्ती तीन दिवसांत संपली. त्यामुळे 'तोमा' बंद होण्यापासून बचावली आणि 33 हप्ते चालली. मतकार्ड पाठवणारे आणि पैसे खर्चून पुस्तक घेणारे वाचक एकच नसतात, हे त्या विक्रीने ढळढळीत दाखवले.

1975 ची अंतराळकथा 'जुइचिनिन इरु!' आणि 'पोए' यांना मिळून 1976 मध्ये शोगाकुकान पुरस्कार मिळाला. पुढे दीर्घ पल्ला त्यांच्या हातात आला. लैंगिक अत्याचारावरची 'झान्कोकु ना कामी गा शिहाई सुरु' 1992 ते 2001 अशी चालली. 2016 मध्ये 'पोए' चाळीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली, तेव्हा 'फ्लॉवर्स' मासिकाचा तो अंक हातोहात संपला.

'तोमा' आणि 'पोए' दोन्ही इंग्रजीत आल्या आहेत. 'पोए' घ्याल तर गोष्टी सनावळीप्रमाणे लावून वाचू नका. पुस्तकातला क्रमच ठेवा. एडगर आधी परक्यांच्या नजरेने भेटतो आणि त्याचा भूतकाळ नंतर उलगडतो. क्रम बदलला, तर ती उत्सुकता पहिल्याच प्रकरणात खर्ची पडते.